भोपळ्यात बसलेली म्हातारी

उन्हाळ्यात सोलापूरची संध्याकाळ फार उशिरा निवते. दिवसभर तापलेल्या शहाबादी फरशीवर पाणी मारलं तरी वाफ अंगावर येते आणि अंधार पडला तरी भिंतींची धग जात नाही. आजोबा गिरणीच्या दुसऱ्या पाळीतून सुटून येईपर्यंत ताटं मांडायची नाहीत, असा आमच्या घरी नेम होता. आजी चुलीपुढे भाकऱ्या थापत बसायची आणि आम्ही पोरं भिंतीला पाठ टेकून पेंगायला लागायचो. कुणाची मान कलली की तिचा पिठाचा हात हवेतच थांबायचा. "निजू नगंस रं, उपाशी निजलं की रात्री भूक उठवती," असं म्हणून ती म्हातारीला घराबाहेर काढायची.

ही म्हातारी मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. वाळून काटकी झालेली, काठी टेकत लेकीच्या गावाला निघालेली. वाटेत तिला कोल्हा गाठतो, पुढे लांडगा भेटतो, मग वाघ. प्रत्येकाला तिला खायचं असतं. ती प्रत्येकाला एकच समजूत घालते, की आत्ता माझ्या अंगावर हाडांशिवाय काही नाही, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. तिघंही थांबतात. ती महिनाभर लेकीकडे राहते, गोल गरगरीत होते आणि परतायची वेळ आली की लेक तिला एका मोठ्या भोपळ्यात बसवून रस्त्याला लावते. जनावरं भोपळ्याला म्हातारीचा पत्ता विचारतात, भोपळा आतून उत्तर देतो आणि टुणुक टुणुक पुढे जातो.

ही गोष्ट आजीची आहे, फार तर आपल्या मराठी मुलखाची आहे, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. मग एक बंगाली पुस्तक हाती आलं.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचं 'टुनटुनिर बोई' 1910 साली कोलकात्यात निघालं. टुनटुनि म्हणजे आपला शिंपी पक्षी, पानं शिवून घरटं करणारा. बंगाली घरांत हे पुस्तक शंभर वर्षांहून अधिक काळ मुलांच्या हातात आहे. उपेंद्रकिशोरांचा जन्म 1863 चा, मैमनसिंह जिल्ह्यातल्या मसुआ गावचा. तो भाग आता बांगलादेशात आहे. मूळ नाव कामदारंजन. नात्यातल्या एका जमीनदाराने त्यांना दत्तक घेतलं आणि नाव बदललं. माणूस अनेक अंगांनी कसलेला होता. व्हायोलिन वाजवायचे, चित्रं काढायचे, आकाशातल्या ताऱ्यांवर मुलांसाठी लिहायचे. आपल्या रामायणाच्या पुस्तकातली चित्रं लाकडी ठशांनी बिघडवली, याचा त्यांना इतका सल लागला की त्यांनी विलायतेहून यंत्रं मागवून हाफटोन ठसे करण्याची विद्या स्वतः आत्मसात केली. त्यांचे या विषयावरचे लेख लंडनच्या पेनरोझ वार्षिकात छापले गेले. 1913 मध्ये त्यांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक सुरू केलं. सुकुमार राय हे त्यांचे चिरंजीव आणि सत्यजित राय हे नातू.

'टुनटुनिर बोई'च्या सुरुवातीला उपेंद्रकिशोरांनी छोटं निवेदन जोडलं आहे. त्यात ते सांगतात, की संध्याकाळी मुलं न जेवताच झोपायला लागतात, तेव्हा पूर्व बंगालच्या काही भागांतल्या मायाळू बायका या गोष्टी सांगून त्यांना जागं ठेवतात. हे वाचलं आणि मला चुलीपुढे हवेत थांबलेला तो पिठाचा हात दिसला. गोष्ट मुलांना झोपवण्यासाठी सांगतात, असं आपण सगळे सहज म्हणतो. अंगाई झोपवते. ही गोष्ट मात्र मुलाला जागं ठेवण्यासाठी जन्मली, आणि तेही ताट समोर येईपर्यंतच. ती कुठल्या गावात, कुठल्या शतकात जन्मली असेल ते असो, ती जन्मली तो प्रहर मला ठाऊक आहे. दिवेलागण झालेली, चुलीवर काहीतरी शिजत असलेलं, आणि पोटात भूक.

आता बंगाली गोष्ट सांगतो, कारण तिच्यातली गंमत सावकाश पाहण्यासारखी आहे.

तिथली म्हातारी कुबडी आहे. नावच कुँजो बुडी. काठी टेकत वाकून चालते आणि चालताना तिचं डोकं डुगडुगत राहतं. तिच्याकडे दोन कुत्रे आहेत, रंगा आणि भंगा. नातीच्या घरी निघताना ती दोघांना बजावते, की घर सोडून जाऊ नका. वाटेत कोल्हा, वाघ आणि अस्वल भेटतात आणि आपल्या म्हातारीसारखीच तीही समजूत घालून सुटते. नातीकडे दही आणि खीर खाऊन ती इतकी फुगते, की आणखी घासभर खाल्लं तर फुटेल. आता चालणंच शक्य नाही आणि वाटेवर तिघं टपलेले. नात भल्यामोठ्या दुधी भोपळ्याच्या कवचात तिला बसवते, सोबत खायला पोहे आणि चिंच देते आणि भोपळ्याला धक्का मारते. भोपळा गडगडत निघतो. अस्वल येतं, हुंगतं, यात काही म्हातारी नाही म्हणून स्वतःच ढकलून देतं. वाघही तसंच करतो. कोल्हा मात्र थांबतो. भोपळा बोलतो कसा, हा प्रश्न फक्त त्यालाच पडतो. तो लाथ मारून भोपळा फोडतो आणि आत म्हातारी.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण म्हातारी संपत नाही. खाशीलच, पण आधी माझं एक गाणं ऐकणार नाहीस का, असं ती विचारते. कोल्ह्याला स्वतःच्या गळ्याचा अभिमान, तो कबूल होतो. म्हातारी उंचवट्यावर चढते आणि सूर लावते, आणि त्या सुरात ती रंगाला आणि भंगाला हाक मारते. कुत्रे धावत येतात, एक मान धरतो, एक कंबर, आणि कोल्ह्याची गोष्ट तिथे आटोपते.

आमच्या आजीच्या गोष्टीत कुत्रे नव्हते. लेकीने वाटेसाठी भाकरीसोबत लाल तिखटाची पुडी बांधून दिलेली असायची. भोपळा फुटला की म्हातारी मूठभर तिखट कोल्ह्याच्या डोळ्यांत फेकायची आणि तो माळावरून केकाटत पळायचा. तिखट फेकताना आजी परातीतलं पीठ आमच्या तोंडावर उडवायची. मैमनसिंहच्या बाईने बरोबर पोहे-चिंच दिली, सोलापूरच्या बाईने भाकरी-तिखट. शिदोरी बदलली, पण लेकीबाळींनी वाटेला लावताना काहीतरी बांधून द्यायचं, ते तसंच राहिलं.

या गोष्टीत जिथे तिथे खाणं आहे. जनावरांना म्हातारी खायची आहे, म्हातारीला लेकीकडे जाऊन खायचं आहे, आणि ऐकणारं मूल स्वतः जेवणाची वाट पाहतंय. भुकेची तीन वर्तुळं एकात एक बसवली आहेत. मुलाच्या मनात काय चाललंय हे सांगणारीला पक्कं माहीत असतं, म्हणून गोष्टीतही तीच युक्ती ठेवली आहे. थांब, थोडा वेळ थांब, मग मिळेल. म्हातारी वाघाला जे सांगते तेच आजी नातवाला सांगत असते.

आणि खाणं तरी कोणतं? बंगालमध्ये दही आणि खीर. मराठीत तूप-रोटी. हे मला मोठेपणी खटकलं, कारण आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याची ज्वारी जगात नावाजलेली, तिची पांढरीशुभ्र भाकरी आणि शेंगाचटणी यांवर आमचा सोलापूर जिल्हा वाढला. पण म्हातारी भाकरीसाठी लेकीकडे जात नाही. गव्हाची रोटी आणि वर तूप हे सणाचं, पाहुण्याचं, स्वप्नातलं जेवण. ज्याने 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी पाहिली आहे, त्याला लठ्ठ होण्याची इच्छा ही केवढी मोठी इच्छा आहे हे सांगावं लागत नाही. आजी ते तूप-रोटीचं वर्णन लांबवायची. तूप कसं पातळ, कसं कडेने ओघळतंय, रोटी कशी पापुद्र्याची. समोर तव्यावर भाकरी असायची आणि आमच्या तोंडाला मात्र तुपाचं पाणी सुटायचं.

दुसरी गोष्ट त्याहून धीट आहे. मराठी ओव्यांमध्ये बाई माहेराला जाते, आईच्या हातचं खाते, चार दिवस अंग सैल सोडते. इथे वाट उलटी आहे. आई लेकीच्या सासरी निघाली आहे, आणि तीही खायला. ज्या समाजात नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही असा दंडक होता, तिथे ही म्हातारी महिनाभर लेकीच्या घरी तूप खात बसते आणि तिला कुणी काही म्हणत नाही. जावई गोष्टीत कुठे दिसतच नाही. सासूही नाही. संपूर्ण गोष्टीत माणसं दोनच, आई आणि लेक, आणि संकटातून सोडवणारी अक्कल लेकीची. ही गोष्ट बायकांनी बायकांच्या घरात रचली, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

आता भोपळ्याकडे वळतो. इथे मला बरंच बोलायचं आहे.

आजच्या बालपुस्तकांत म्हातारी बहुतेक वेळा केशरी, फाकांच्या लाल भोपळ्यात बसलेली असते. चित्र गोड दिसतं, पण लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. युरोपी दर्यावर्दी अमेरिकेहून परतल्यावर, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर, तो या बाजूच्या जगात पसरला. शार्ल पेरोने 1697 साली सिंड्रेलाची बग्गी भोपळ्याची केली, तेव्हा हे फळ युरोपात रुळून गेलं होतं. आपल्या चित्रकारांच्या कुंचल्यात ती बग्गी कुठेतरी घुसली असावी. बंगाली गोष्टीत मात्र स्पष्ट 'लाउ' आहे, म्हणजे दुधी भोपळा. दुधी मूळचा आफ्रिकेचा आणि फार जुना सोबती. तो पिकून वाळला की आतला गर सुकतो, बिया खुळखुळतात आणि साल लाकडासारखी टणक होते. पाण्यावर तो तरंगतो, आणि तरंगतच तो हजारो वर्षांपूर्वी समुद्रापार अमेरिकेपर्यंत पोचला होता. लाल भोपळा कापून भाजी होते, फार दिवस ठेवला तर नासतो. ज्यात बसून प्रवास करायचा, जो उताराला लागला तरी फुटायचा नाही, तो भोपळा वाळलेला दुधीच हवा. तेव्हा चित्रात काहीही असो, आपली म्हातारी दुधीतच बसली होती.

आणि असा भोपळा आमच्या जिल्ह्यात खरोखर पिकतो. पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शेतांत, तंबोऱ्याचे भोपळे लावतात. खायचा दुधी कोवळा तोडतात, हा मात्र वेलीवरच पिकू देतात. चवीला कडू, म्हणून जनावर तोंड लावत नाही. वाढताना तो एका अंगाला दबू नये, तळ सडू नये म्हणून शेतकऱ्याला नजर ठेवावी लागते, कारण वाकडा भोपळा वाद्याला चालत नाही. पुरते वाळलेले भोपळे मग मिरजेला जातात. तिथे एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानाच्या आश्रयाने शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. तलवारी, भाल्यांना धार लावणारे हात तुंब्यावर, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यावर, चढले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशातले मोठमोठे गवई ज्या तंबोऱ्याला कान लावून बसतात, त्याच्या पोटात भीमेकाठची माती आहे.

असा मोठा तुंबा मी पहिल्यांदा कवेत घेतला, तेव्हा माझे दोन हात पलीकडे जेमतेम भेटले. वजन काहीच नाही. बोटाने टिचकी मारली तर आतून उत्तर आलं, खोल, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तसं. भोपळा बोलतो ही कल्पना कुणाला सुचली असेल, हे त्या क्षणी मला समजलं. पोकळ भोपळ्याजवळ बसून ज्याने आयुष्यात एकदा आवाज केला आहे, त्याला त्यात कुणीतरी बसलंय असं वाटणारच.

पंढरपुरात भोपळ्याची आणखीही रूपं आहेत. वारीत चालणाऱ्या विणेकऱ्याच्या वीणेला भोपळा असतो. नदी ओलांडायला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधत, आणि कमरेला दोन भोपळे बांधून पोरं पोहायला शिकत. कीर्तनात तुकोबांची एक आख्यायिका हमखास येते. तीर्थयात्रेला निघालेल्यांजवळ त्यांनी एक कडू भोपळा दिला आणि प्रत्येक तीर्थात त्यालाही स्नान घालायला सांगितलं. परत आल्यावर तो कापून खाल्ला तर तेवढाच कडू. प्रवासाला निघालेला भोपळा मराठी मनात असा दोनदा आला आहे. एकदा कीर्तनात, एकदा चुलीपुढे.

बंगाली भोपळा गडगडतो आणि मराठी भोपळा टुणुक टुणुक उडी मारतो, हा फरकही छोटा नाही. नदीकाठच्या सपाट, मऊ मातीवरून गोल वस्तू गडगडत जाईल. आमच्या माळावर दर दोन पावलांना दगड. तिथे भोपळा उसळी मारत जाणार. भाषेने जमिनीचा पोत ऐकला, असं मला वाटतं. कुणी याला कल्पनाविलास म्हणेल, पण आमच्याकडच्या नान्नजच्या माळावरून बैलगाडीत एकदा गेलेला माणूस म्हणणार नाही.

या म्हातारीचं गणगोत मोठं आहे. इराणमध्ये ती 'कदू-ए-कल्कलेजन' म्हणजे गडगडणाऱ्या भोपळ्याच्या गोष्टीत भेटते. तीही लेकीकडे निघालेली आहे, आणि तिला तिथे पुलाव खाऊन जाड व्हायचं आहे. पोर्तुगालमध्ये तिची वाट लांडगे अडवतात आणि परतताना ती तुंब्यात बसून येते. कुमाऊँच्या डोंगरात ती तुमडीत बसते आणि तुमडी वाटेवाटेने चालते. पंजाबात म्हातारीच्या जागी एक कोकरू आहे. फ्लोरा अ‍ॅनी स्टील या इंग्रज बाईने ते तिथल्या लोकांकडून ऐकून लिहून घेतलं आणि पुढे जोसेफ जेकब्जने 1892 च्या आपल्या भारतीय परीकथांच्या पुस्तकात घेतलं. कोकरू आजीकडे जातं, सात दिवस धान्याच्या कणगीत बसून खातं आणि परतताना ढोलकीत बसून येतं. ती ढोलकी त्याच्या मेलेल्या भावाच्या कातड्याची असते. लहान मुलांच्या गोष्टीत एवढं दुःख इतक्या सहज ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि तिथेही शेवटी कोल्ह्यालाच आवाज ओळखू येतो.

दही-खीर, तूप-रोटी, पुलाव, कणगीतलं धान्य. या चार पदार्थांवरून कुठल्या मुलखात पोट कशाने भरल्यासारखं वाटतं याचा नकाशा काढता येईल. भोपळा, तुमडी, ढोलकी. आतून पोकळ आणि आवाज देणारं काहीतरी प्रत्येक ठिकाणी आहे.

उपेंद्रकिशोरांचं पुस्तक निघालं त्याच 1910 साली फिनलंडमध्ये अँटी आर्ने या अभ्यासकाने लोककथांची पहिली मोठी वर्गवारी प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सनने ती वाढवली. 'मी जाड होईपर्यंत थांब' असं सांगून सुटण्याच्या या गोष्टीला तिथे 122 फ हा क्रमांक आहे. नॉर्वेच्या पुलावरच्या तीन बोकडांची गोष्ट, ज्यात धाकटा बोकड राक्षसाला 'मागून मोठा भाऊ येतोय, त्याला खा' म्हणतो, ती शेजारच्याच खणात बसली आहे. क्रमांकाचा उपयोग आहेच. त्याच्यामुळे तेहरान, लिस्बन आणि सोलापूर एका ओळीत उभे करता येतात. पण 122 फ म्हटल्यावर तव्यावरच्या भाकरीचा वास येत नाही, आणि माझ्या लेखी तो वास या गोष्टीचा अर्धा भाग आहे.

गोष्टीतली जनावरंही मुलखाप्रमाणे बदलतात. बंगालला वाघ दूरचा नाही, म्हणून तिथे वाघ खराखुरा आहे. आमच्याकडे लांडगा खरा. सोलापूरचा माळ म्हणजे गवत, काटेरी झुडपं आणि उघडं आभाळ. माळढोकासाठी 1979 मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य झालं, आणि त्याच गवतात काळवीट, खोकड आणि लांडगे राहतात. मेंढपाळाच्या पोराला लांडगा कसा बसतो, कसा वाट पाहतो, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आजीच्या गोष्टीतला लांडगा म्हणूनच मोजक्या शब्दांत यायचा आणि जास्त भीती घालायचा. वाघाला मात्र ती फुगवून सांगायची, कारण तो तिने पाहिलेला नव्हता. 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला आणि आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीकडच्या शिवारांतही त्याचा वावर दिसला. ती बातमी वाचताना आजीची फार आठवण झाली. तिचा वाघ पोचायला जरा उशीर झाला.

बंगालमध्ये या गोष्टी कागदावर का उतरल्या, याला काळाचा रेटा होता. 1905 ला बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट उठली, विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. त्या वातावरणात 1907 साली दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या परीकथांचं 'ठाकुरमार झुली' म्हणजे 'आजीची पोतडी' हे पुस्तक काढलं. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्यांचा सूर आनंदाचा आणि वेदनेचा एकाच वेळी आहे. आजीच्या पोतडीइतकी स्वदेशी वस्तू आपल्याकडे दुसरी कोणती, असं ते विचारतात, आणि हळहळतात की अलीकडे तीसुद्धा मँचेस्टरच्या गिरणीतून तयार होऊन यायला लागली होती.

सोलापूरच्या माणसाला हे वाक्य वेगळं लागतं. हे गावच गिरण्यांचं. इथे भोंग्यावर घड्याळ लावत, भोंग्यावर चूल पेटत असे. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेले लिंगायत व्यापारी, मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेले मजूर, दखनी बोलणारी मुसलमान कुटुंबं, सगळी एका भोंग्याखाली राहिली. एका वाड्यात चार भाषांतून पोरांना जेवायला हाका मारल्या जात. पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला सुपं घेऊन ओसरीवर. हात पानावर चालत आणि तोंड मोकळं राही, आणि त्या मोकळ्या तोंडाने गोष्टी चालत. आमच्या आजीच्या मराठीत कानडी शब्द शिंपडल्यासारखे असत. तिने ही गोष्ट आपल्या आजीकडून ऐकली होती आणि त्या आजीचं माहेर कानडी मुलखातलं. रवींद्रनाथांना भीती वाटत होती की गिरणी आजीची पोतडी गिळेल. आमच्याकडे गिरणीच्या पाळीनेच आजीला पोतडी उघडायला लावली, कारण आजोबा येईपर्यंत वाट पाहायची होती.

आपल्याकडेही गोष्टी लिहून घेणारे होते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी हिने 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण मराठा मुलखाचा दौरा केला. सोबत अ‍ॅना लिबेराता डिसोझा नावाची आया होती. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेलं. तळावरच्या मोकळ्या वेळात तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या, आणि 1868 मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला निघालं. मेरीने पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची जीवनकहाणीही छापली, याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. नाहीतर सांगणाऱ्या बायका नावाविनाच राहतात. पुढे दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचं शास्त्र मराठीत मांडलं आणि सरोजिनी बाबरांनी बायकांच्या तोंडचं धन खंडांमागून खंडांत साठवलं. तरी उपेंद्रकिशोरांसारखा लिहिणारा, चित्रं काढणारा आणि छापणारा एकच माणूस आपल्या म्हातारीला मिळाला नाही. ती शाळेच्या बडबडगाण्यांत आणि स्नेहसंमेलनांत राहिली. तिच्या गोष्टीतली शिदोरी, लेकीची अक्कल, तूप-रोटीचं लांबलचक वर्णन हे सगळं आखडत गेलं आणि भोपळ्याची उडी तेवढी उरली. मला याचं वाईट वाटतं.

उपेंद्रकिशोरांच्या गोष्टींतली भूक पुढेही सुटली नाही. 1915 मध्ये 'संदेश'मध्ये त्यांची 'गुपी गाइन बाघा बाइन' आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. बेसूर गाणारा गुपी आणि ढोल बडवणारा बाघा यांना गावातून हाकलतात, जंगलात भुतं भेटतात आणि वर देतात. त्यातला एक वर हवं तेव्हा हवं ते जेवण मिळण्याचा. नातू सत्यजित राय यांनी 1969 मध्ये यावर चित्रपट केला. त्यात लढाईला निघालेल्या उपाशी सैनिकांवर आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरतात आणि शस्त्रं टाकून सगळे खायला धावतात. पूर्व बंगालच्या बायका मुलांना जेवणापर्यंत जागं ठेवत होत्या, तीच संध्याकाळ पडद्यावर राजा-प्रधानांच्या युद्धापर्यंत पोचली, असं मला तो प्रसंग पाहताना वाटतं.

बंगालच्या बालसाहित्याबद्दल लिहिताना मराठी माणसाने एक गोष्ट लपवू नये. तिथली एक फार जुनी अंगाई आहे. मूल झोपलंय, मोहल्ला शांत झालाय आणि मुलखात बारगीर आले आहेत, असा तिचा आशय. बारगीर म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेचे घोडेस्वार. 1742 ते 1751 या काळात या स्वाऱ्यांनी बंगालची शेतं, गावं आणि धान्याची कोठारं उजाड केली. बंगाली आई पावणेतीनशे वर्षं ज्याचं नाव घेऊन मुलाला निजवते, तो वाघ नाही, कोल्हा नाही. तो मराठी आहे. हे मी कोलकात्यात एका वृद्ध बाईंच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मान खाली गेली. त्यांनी माझ्या पानात संदेश मिठाईचा आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाल्या, खा, तुम्ही वाळलात.

त्या रात्री मी त्यांच्या नातवाला आमची म्हातारी सांगितली. माझी बंगाली अडखळती, भोपळ्याची उडी मराठीच ठेवली. तो मध्येच म्हणाला, रंगा-भंगा कुठे गेले? मी म्हटलं, आमच्याकडे तिखट असतं. मी मूठ उघडून त्याच्या तोंडावर हवा उडवली, तो ओरडून मागे झाला आणि हसत पुन्हा पुढे सरकला. मग आजीने करायला हवं तेच त्याच्या आजीने केलं. आतून हाक आली, भात वाढलाय.

सोलापुरात तेव्हा हाक यायची नाही. आधी लांबून भोंगा वाजायचा, मग बऱ्याच वेळाने बोळात सायकलची घंटी. आजी शेवटची भाकरी विस्तवावर उभी करायची, ती फुगायची. कोल्हा तोवर डोळे चोळत माळावर पळालेला असायचा. आम्ही टक्क जागे असायचो. आजोबा चपला काढून हातपाय धुवायला वळायचे आणि आजी म्हणायची, मांडा रं ताटं.